माळवद

माळवद : लाकडी तुळयांवर माती अंथरून केलेले सपाट छप्पर. यालाच धाबे असेही म्हणतात. लातूर, धाराशिव, बीडकडच्या जुन्या घरांवर ते अजून दिसते. मे महिन्यात या भागात मध्यान्हीचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. ऊन भिंतींपेक्षा छतालाच जास्त लागते, म्हणून घराचा गारवा मुख्यतः छतावर अवलंबून असतो.

खांबांवर तुळया, त्यांवर कड्या (आडव्या बारीक लाकडी दांड्या), कड्यांवर फळ्या किंवा लाकडाच्या चिपा, मग कडुलिंबाचा पाला आणि त्यावर चोपून बसवलेला चिखल असे थर असतात. सर्वांत वर पांढरी माती घालतात. काळी माती येथे कामाची नाही. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि पहिल्याच पावसात छत गळते. फूटभर मातीतून दुपारची उष्णता खाली उतरायला आठ-दहा तास लागतात, सिमेंटच्या स्लॅबमधून जेमतेम तीन. ती आत येईपर्यंत रात्र झालेली असते. तेव्हा साणे (छतातला झरोका) आणि खिडक्या उघडल्या की गरम हवा निघून जाते. रात्री घर बंद ठेवले, तर माळवदाचा निम्मा फायदा वाया जातो.

खरा धोका जाडीत आहे. दर वर्षी मृगाआधी जुनी माती न काढता नवी टाकत गेल्याने कित्येक माळवदे दोन-दोन फुटांची झाली. इतक्या मातीचे वजन कोरडे असतानाच चौरस मीटरला सुमारे ९५० किलो भरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात चिखलात रचलेल्या दगडी भिंती फुटल्या, हे ओझे झोपलेल्या माणसांवर आले, आणि सुमारे ८,००० माणसे गेली. त्या भिंतींचे आतले व बाहेरचे थर एकमेकांना बांधलेलेच नव्हते.

म्हणून माती २० सेंटिमीटरच ठेवावी. वजन चौरस मीटरला ३२० किलोंच्या आसपास राहते. गारवा थोडा कमी होतो, तो चुन्याचे दोन हात देऊन भरून काढता येतो. भिंतीत तिच्या पूर्ण रुंदीचे दगड दर ६० सेंटिमीटर उंचीवर, १.२ मीटरपेक्षा जास्त आडवे अंतर न ठेवता बसवावेत. खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे लाकडी आधार द्यावेत. पन्हाळ भिंतीपासून दीड फूट तरी पुढे हवी, नाहीतर पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरून चिखल धुपतो. उंदीर-घुशींची बिळे उन्हाळ्यातच बुजवावीत, आणि नवी माती टाकण्याआधी तितकीच जुनी खरवडून काढावी.