डेंग्यू, माकडताप आणि आरएनएची नक्कल : पार्श्वभूमी

डेंग्यूचा विषाणू डासातून येतो, माकडतापाचा गोचिडीतून. तरी दोघांची स्वतःची प्रत काढण्याची रीत एकच. सुमारे 11 हजार न्यूक्लिओटाइडचा (आरएनएच्या दुव्यांचा) धन आरएनए, म्हणजे थेट प्रथिन बनवण्यासाठी वाचता येणारा धागा, पेशीत शिरतो, त्यावरून एक लांब प्रथिन बनते, आणि त्यातून सुटलेले एनएस5 हे नक्कल काढणारे एन्झाइम आधी त्याचा पूरक असा ऋण धागा जुळवते.

खरा वाद झाला तो धन आणि ऋण धागा जुळून बनलेल्या दुपेडी रूपावर, म्हणजे आरएफवर (रेप्लिकेटिव्ह फॉर्म): नव्या प्रतींचा साचा तोच का? प्रयोग असा: ॲक्टिनोमायसिन डी देऊन पेशीचे स्वतःचे आरएनए-उत्पादन बंद करायचे, मग ट्रिशियमयुक्त युरिडिन (नव्या आरएनएत जाऊन त्याला किरणोत्सारी खूण, म्हणजे लेबल, देणारा घटक) घालायचे. 2 मोलर लिथियम क्लोराइडमध्ये एकेरी आरएनए आणि अर्धवट नकला असलेला आरआय (रेप्लिकेटिव्ह इंटरमीडिएट) खाली बसतात, आरएफ द्रावणात राहतो. आरएनेझ (एकेरी आरएनए तोडणारे एन्झाइम) घातले की आरएफ टिकतो, आरआयची एकेरी शेपटे तुटतात. आरएफ म्हणजे काम संपल्यावर उरलेला गाळ, अशी शंका होती. 1985 मध्ये डेंग्यूच्याच कुळातल्या कुंजिन विषाणूवर अल्पकाळ लेबल देऊन माग काढला, तेव्हा किरणोत्सार आधी आरएफमध्ये, मग आरआयमध्ये, शेवटी पूर्ण जीनोममध्ये (विषाणूच्या संपूर्ण आरएनएत) दिसला. म्हणजे आरएफ हाच पुन्हा पुन्हा वापरला जाणारा साचा. नवा धन धागा जुन्याला बाजूला सारतो. हा निष्कर्ष आजही पुरेसा मनावर घेतला जात नाही.

ऋण धागा शोधणाऱ्या चाचण्यांतही फसगत होते. ऋण धागा सापडला की नक्कल चालू आहे, असे धरतात. पण धन धागे त्याच्या दहापट किंवा त्याहून जास्त असतात आणि आरएनए स्वतःवरच दुमडून प्रायमरचे (प्रत काढायला सुरुवात करून देणाऱ्या तुकड्याचे) काम करतो, त्यामुळे ऋण धागा नसतानाही तो असल्याचे भासते. म्हणून प्रायमरला विषाणूत नसलेल्या क्रमाची शेपटी जोडावी, उरलेला प्रायमर पीसीआरआधी (प्रती वाढवण्याच्या पायरीआधी) काढावा आणि प्रायमरविना एक नळी जरूर ठेवावी. त्या नळीतही संकेत आला तर निकाल बाद.

2009 च्या इलेक्ट्रॉन टोमोग्राफीत (त्रिमितीय सूक्ष्मचित्रणात) डेंग्यूचे नक्कल काढण्याचे कारखाने दिसले: पेशीतल्या अंतर्द्रव्य जालिकेच्या (ईआर) पटलात आत वळलेल्या, सुमारे 90 नॅनोमीटरच्या पिशव्या, तोंड जेमतेम 11 नॅनोमीटर. दुपेडी आरएनए पेशीच्या पहारेकऱ्यांपासून लपतो तो इथेच.

नक्कल सुरू व्हायला जीनोमची दोन टोके जुळावी लागतात. डासजन्य विषाणूंत जुळणीचा 8 न्यूक्लिओटाइडचा गाभा कॅप्सिड (विषाणूच्या कवचाचे प्रथिन) जनुकाच्या आत आहे, गोचीडजन्य विषाणूंत सुरुवातीच्या कोडॉनच्या (जिथून प्रथिन बनायला लागते त्या तीन दुव्यांच्या संचाच्या) आधी. त्यामुळे डेंग्यूचा रेप्लिकॉन (स्वतःची नक्कल करणारा, पण विषाणू न बनवणारा आरएनए) बनवताना कॅप्सिड पूर्ण कापले की आरएनए वाचला जातो, पण त्याची नक्कल होत नाही. सुरुवातीचे वीसेक कोडॉन ठेवावेच लागतात.