घरगुती व्यक्तिचित्रण स्टुडिओ

घरगुती व्यक्तिचित्रण स्टुडिओ : माणसांची छायाचित्रे टिपण्यासाठी राहत्या घरात केलेली कायमची अथवा तात्पुरती जागा.

या प्रथेचा आरंभ कोठून मानावा, याविषयी एकमत नाही. अमेरिकन छायाचित्रकार अलेक्झांडर वोल्कॉट यांनी मार्च १८४० मध्ये न्यूयॉर्क येथे उघडलेला स्टुडिओ हा सामान्यतः पहिला व्यावसायिक स्टुडिओ समजला जातो. घरगुती स्टुडिओसाठी बहुधा ब्रिटिश छायाचित्रकार ज्यूलिया मार्गारेट कॅमेरन यांचा दाखला देतात. इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट बेटावरील फ्रेशवॉटर येथे त्यांनी १८६४ च्या सुमारास कोंबड्यांचे काचेचे खुराडे स्टुडिओ म्हणून आणि कोळशाची खोली डार्करूम (छायाचित्रे धुण्याची अंधारी खोली) म्हणून वापरात आणली. तथापि त्यांच्या समकालीन छायाचित्रकार क्लेमेंटिना हॉवर्डन यांचे उदाहरण अधिक समर्पक म्हणावे लागेल. लंडनमधील साउथ केन्सिंग्टन भागातल्या घरात १८५९ नंतर त्यांनी आपल्या मुलींची छायाचित्रे घेतली, ती राहत्या दालनांतच. उंच खिडक्यांतून येणारा उजेड आणि आरसे हीच त्यांची मुख्य साधने होती.

आखणीत खोलीची लांबी निर्णायक असते; दिव्यांची निवड त्यानंतर करणे श्रेयस्कर. ३६ × २४ मिमी. संवेदकाच्या (प्रतिमा टिपणाऱ्या पट्टिकेच्या) कॅमेऱ्याला ८५ मिमी. नाभीय अंतराची लेन्स लावून उभ्या माणसाचे पूर्णाकृती चित्र घ्यायचे, तर डोक्यावर व पायाखाली थोडी जागा सोडून सु. २.२ मी. उंची चौकटीत बसावी लागते. त्यासाठी कॅमेरा सु. ५.२ मी. दूर हवा. माणूस व पार्श्वभूमीचा पडदा यांत १.५ मी. आणि छायाचित्रकारामागे १ मी. सोडल्यास खोली सु. ७.७ मी. लांब लागते. ५० मिमी. लेन्सने हीच गरज सु. ५.६ मी.वर येते. डोके व खांदे एवढेच टिपायचे असल्यास ८५ मिमी.लाही सु. ४ मी. पुरतात. लहान खोलीत पूर्णाकृतीचा आग्रह न धरलेला बरा. जागा नाही म्हणून कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ नेला, की नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात. हा दोष लेन्सचा नसून अंतराचा असतो.

प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. हा नियम लहान दिव्याला काटेकोरपणे, तर मोठ्या सॉफ्टबॉक्सला (उजेड मऊ करणाऱ्या, दिव्यावर बसवायच्या कापडी पेटीला) जवळून स्थूलमानाने लागू पडतो. दिवा चेहऱ्यापासून १ मी. आणि पडद्यापासून ३ मी. असेल, तर पडद्यावर चेहऱ्याच्या सु. एक नवमांश उजेड पडतो आणि पांढरा पडदाही करडा दिसतो. लहान खोलीत खरी अडचण येते ती भिंतींची. पांढऱ्या भिंती व बुटके छत उजेड परतवून सावल्या भरून काढतात. गडद छटा हव्या असल्यास माणसाच्या सावलीकडील बाजूस काळे कापड टांगतात. रंगीत भिंतीची झाक त्वचेवर उतरते. ती नंतर काढणे जिकिरीचे असते, म्हणून भिंती पांढऱ्या अथवा करड्या ठेवणे इष्ट.

खिडकीचा उजेड वापरायचा असल्यास उत्तर गोलार्धात उत्तरेकडील, तर दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडील खिडकी पसंत करतात, कारण तीतून थेट ऊन सहसा येत नाही. उजेडाची रंगछटा केल्व्हिन या एककात मोजतात. दिवसाचा उजेड (सु. ५,५०० केल्व्हिन) आणि टंगस्टन दिवा (सु. ३,२०० केल्व्हिन) एकत्र आल्यास चेहऱ्याची एक बाजू निळसर व दुसरी पिवळसर येते.

पार्श्वभूमीचा कागद सामान्यतः २.७२ मी. किंवा १.३५ मी. रुंदीच्या गुंडाळ्यांत मिळतो. बसलेल्या एका व्यक्तीस अरुंद गुंडाळी चालते. पूर्णाकृतीसाठी रुंद कागद जमिनीवरून पुढे ओढून घेतात. दिवे व पडदा यांच्या स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवतात आणि वायरी भिंतीच्या कडेने नेतात.