इंटरकूलर चाकाजवळून नाकावर आणताना

पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २००४ च्या सुमारास भारतात आली, तेव्हा पेट्रोलवर चालणारी टर्बो मोटार ही इथल्या रस्त्यांवर अपूर्वाईचीच गोष्ट होती. १.८ लिटरचे चार सिलिंडर, प्रत्येकाला पाच झडपा आणि १५० अश्वशक्ती असे तिचे इंजिन होते, आणि याच कुळातली इंजिने चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये व पहिल्या ऑडी टीटीमध्येही बसवलेली होती. संगणकीय प्रणाली बदलून, म्हणजे गॅरेजच्या भाषेत रीमॅप करून, या इंजिनातून बरीच जादा ताकद काढता येते, हे हौशी मालकांना लवकरच उमगले. मात्र रीमॅप केलेली गाडी पहाटे जशी पळते तशी भर दुपारी घाटात पळत नाही, हेही त्यांच्या लक्षात आले. या तक्रारीचे मूळ पुढच्या उजव्या चाकाच्या पुढे, हेडलाइटच्या खाली दडवलेल्या लहानशा इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोमधून येणारी गरम हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणाऱ्या धातूच्या ठोकळ्यात असते.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जाणारी हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेरचे तापमान ३५ अंश सेल्सिअस आहे आणि टर्बो हवेचा दाब वातावरणाच्या दुप्पट करतो आहे, असे धरू. टर्बोचा हवा दाबणारा भाग, म्हणजे कॉम्प्रेसर, शंभर टक्के कार्यक्षम असता तरीही ही हवा सुमारे १०२ अंशांपर्यंत तापली असती. प्रत्यक्षात चांगल्या टर्बोची कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे बाहेर पडणारी हवा १३० अंशांच्या घरात जाते. एवढ्या गरम हवेचे दोन तोटे आहेत. पहिला तोटा असा की गरम हवा विरळ असल्यामुळे तेवढ्याच दाबाला सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी शिरतो. दुसरा अधिक गंभीर आहे: गरम मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यात आपोआप पेट घेते, इंजिन ठोके देऊ लागते आणि हे ठोके वाढले तर पिस्टन फुटू शकतो. ते टाळण्यासाठी ठोके ओळखणारे सेन्सर असतात आणि त्यांचा इशारा मिळताच संगणक ठिणगी उशिरा पाडतो. दुपारी घाटात गाडी मंदावल्यासारखी वाटते ती बहुतेक वेळा या उशिरा पडणाऱ्या ठिणगीमुळे.

इंटरकूलरची परिणामकारकता मोजण्याची रीत सोपी आहे. टर्बोने हवा जितके अंश तापवली, त्यांपैकी किती अंश परत उतरले, एवढेच पाहायचे. लागोपाठ जोर लावल्यावर मूळचा लहान इंटरकूलर निम्मीच उष्णता काढू शकला, तर वरच्या उदाहरणात इंजिनात जाणारी हवा ८३ अंशांची राहते. पुढे बसवलेल्या मोठ्या इंटरकूलरने ८० टक्के उष्णता काढली, तर ती ५४ अंशांवर येते. एवढ्या फरकाने हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा हा आकडा लहान असला तरी तो प्रामाणिक आहे, आणि वेळेवर पडलेल्या ठिणगीचा लाभ त्यात धरलेला नाही. सेकंदाला १४० ग्रॅम हवा ओढणाऱ्या अशा इंजिनात ही ८० टक्के उष्णता जवळपास ११ किलोवॉट भरते, म्हणजे दोन किलोवॉटचे पाच गीझर एकदम चालू असावेत तेवढी. ती सगळी समोरून येणाऱ्या वाऱ्यावर सोडायची असल्यामुळे वारा कुठे आणि किती लागतो, हे धातूच्या ठोकळ्याच्या आकाराइतकेच महत्त्वाचे ठरते.

जागेचा हा प्रश्न मोटारींच्या आधी विमानांना पडला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या लॉकहीड पी-३८ या अमेरिकी लढाऊ विमानाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये टर्बोची गरम हवा पंखांच्या पोकळ पुढच्या कडेतून फिरवून थंड केली जात असे. कल्पना देखणी होती, पण इंजिनांची ताकद वाढत गेली तसा तो पंख पुरेनासा झाला. शेवटी १९४३ मध्ये आलेल्या ‘जे’ (J) आवृत्तीत इंटरकूलर इंजिनांच्या हनुवटीखाली, थेट वाऱ्याच्या तोंडी आणले गेले. मोकळ्या झालेल्या पंखाच्या कडेत इंधनाच्या टाक्या बसल्या, तो वेगळाच फायदा.

ऑक्टाव्हियासारख्या गाडीत हे स्थलांतर करताना पुढचा बंपर आणि चाकाजवळचे प्लास्टिकचे अस्तर काढावे लागते, बहुतेक वेळा हेडलाइटही काढावे लागतात. मग बंपरमागची धातूची आडवी तुळई समोर येते. बाजारात सर्रास मिळणारा ६०० बाय ३०० बाय ७६ मिलिमीटरचा ठोकळा तिथे बसत नाही आणि लगेच कटर हातात घेतला जातो. माझ्या मते इथेच थांबावे. अपघाताचा पहिला आघात ही तुळई झेलते आणि ती कापून मिळणारी दोन बोटे जागा फार महागात पडू शकते. कमी उंचीचा, तुळईच्या खाली मावणारा ठोकळा घेतला तर थोडी परिणामकारकता जाते, पण तुळई शाबूत राहते. गाडीच्या मूळ रचनेत मालकाने केलेल्या फेरफारांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

ठोकळा जितका जाड तितका चांगला, हा समजही तपासून घ्यावा. वारा पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच बरीचशी उष्णता उचलतो. पुढे तो स्वतःच गरम झालेला असतो आणि अडतोही. इंटरकूलरच्या मागे एसीचा कंडेन्सर आणि त्याच्यामागे रेडिएटर असतो, तेव्हा अडलेल्या वाऱ्याची किंमत त्या दोघांना मोजावी लागते. शहरातल्या कोंडीत टर्बो जवळजवळ निष्क्रिय असल्याने इंटरकूलर फारसा तापत नाही, पण वाट मात्र अडवतो, आणि एप्रिलच्या दुपारी हा परिणाम आधी एसीवर दिसतो. ठोकळ्याच्या कडा आणि बंपर यांच्यातल्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवाव्यात, नाहीतर वारा ठोकळ्यातून न जाता बगलेतून निसटतो. हे काम स्वस्तातले असल्यामुळेच बहुधा टाळले जाते.

हवेच्या आतल्या वाटेतही अडथळा असतो. इंजिनाला १ बार (जवळपास वातावरणाच्या दाबाइतका) जादा दाब हवा आहे आणि इंटरकूलर ०.१५ बार खातो आहे, तर टर्बोला १.१५ बार तयार करावा लागतो, म्हणजे तो अधिक वेगाने फिरतो आणि हवा अधिक तापवतो. उलट, लांब पाइपांमुळे टर्बोचा प्रतिसाद फार मंदावतो ही भीती मात्र मला अवास्तव वाटते. मिनिटाला ३००० फेऱ्यांना हे इंजिन सेकंदाला सुमारे ४५ लिटर हवा गिळते. नव्या पाइपांनी आणि ठोकळ्याने सहा लिटर पोकळी वाढवली, तरी ती भरायला एक-दोन दशांश सेकंदांपेक्षा फारसा अधिक वेळ लागत नाही.

खरी गंमत जोडांमध्ये असते. ॲल्युमिनियमच्या पाइपाच्या टोकाला उंचवट्याची कड काढलेली नसेल, तर सिलिकॉनचा होज, म्हणजे लवचीक नळी, पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) मोठा आवाज करून निसटतो आणि गाडी काळा धूर सोडत रखडते. याचे कारण असे की आत येणाऱ्या हवेचे मोजमाप टर्बोच्या आधी होते. मोजलेली हवा वाटेत निसटली तरी संगणक तिच्या हिशेबाने पेट्रोल सोडतच राहतो. टर्बोमधून येणाऱ्या तेलाचा पातळ थर पाइपात असतोच, म्हणून जोडण्याआधी टोके ब्रेक क्लीनरने कोरडी करावीत. मूळ पाइपावरचा दाबमापक सेन्सर नव्या पाइपावर इंटरकूलरनंतरच, इंजिनाच्या बाजूला यावा लागतो.

बंपर परत चढवण्याआधी गळती तपासून घ्यावी. टर्बोच्या तोंडावर टोपी बसवून, टायरमध्ये हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरने एक बारपर्यंत दाब द्यायचा आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी फवारायचे. पक्का जोड ओला होऊन चमकत राहतो. कच्च्या जोडाच्या कडेला बारीक पांढरा फेस चढतो आणि होज आवळणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट पाव फेरा आवळला की तो बसतो. थ्रॉटलजवळचा (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेजवळचा) होज वाकवून बसवलेला असेल, तर फेस बहुधा तिथेच सापडतो.

गाडी वेगवान झाली की नाही, हे सीटवर बसून ठरवू नये. गाडीच्या दोषनिदानासाठी असलेल्या पोर्टला लॅपटॉप जोडून आत जाणाऱ्या हवेचे तापमान आणि प्रत्येक सिलिंडरची ठिणगी इंजिनाच्या फेऱ्याच्या किती अंशांनी मागे घेतली जाते, म्हणजे उशिरा पाडली जाते, हे दोन आकडे कामाच्या आधी आणि नंतर, त्याच चढावर, त्याच सुमाराच्या हवामानात नोंदवावेत. पुणे-सातारा मार्गावरचा खंबाटकी घाट अशा नोंदीसाठी पुरेसा लांब आहे, आणि आकडे वाचण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे. तापमान उतरले पण ठिणगी पूर्वीसारखीच मागे जात असेल, तर दोष इंटरकूलरचा नसून पेट्रोलच्या ऑक्टेनचा (ठोके टाळण्याच्या क्षमतेचा), स्पार्क प्लगचा किंवा अतिउत्साही रीमॅपचा असतो, आणि त्यावर आणखी मोठा ठोकळा बसवून काही साधत नाही.