घोटीव आणि बेबंद लेखनाचा वाद (मराठी)

लेखन किती घडवावे आणि किती मोकळे सोडावे, यावरून मराठीत सर्वांत तीव्र झालेला वाद. त्याच्या एका टोकाला सत्यकथा मासिक होते, तर दुसऱ्या टोकाला १९५५च्या सुमारास ‘शब्द’पासून सुरू झालेली आणि साठच्या दशकात फोफावलेली लघुअनियतकालिके, म्हणजे ठरावीक मुदतीचे बंधन नसलेली छोटी साहित्यपत्रे. वादाची मुळे जुनी आहेत. मोरोपंतांच्या यमकांनी बांधलेल्या आर्येचा आणि तुकोबांच्या अभंगाचा रसिक एकच असू शकतो, पण समीक्षकाला बहुधा दोहोंतून निवड करावीशी वाटते.

श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या हाताखाली सत्यकथेने संपादन हीच एक कला केली. आलेली कथा वाचून लेखकाला सविस्तर पत्र जाई. कुठे सैल आहे, कुठे शेवट आधीच कळतो, हे त्यात सांगितलेले असे. कथा पुन्हा लिहिली जाई, कधी अनेकदा. नवकथा आणि नवकविता या कष्टांतून उभी राहिली. कवी बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराच्या प्रभावाखाली वाढलेल्या समीक्षेने कलाकृतीची एकात्मता आणि लय यांना निकषाचे स्थान दिले. हा वारसा मोठा आहे. मात्र ज्यांचे जगणेच या चौकटीत बसत नव्हते, त्यांचे लिखाण ‘कच्चे’ ठरू लागले.

अशोक शहाणे, राजा ढाले, भालचंद्र नेमाडे यांनी हल्ला चढवला तो इथेच. ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ यांसारखी त्यांची लघुअनियतकालिके पदरमोड करून निघत आणि पैसे संपले की थांबत. १९६९मध्ये ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्यकथेचा अंक जाळला. अंक जाळणे हा काही समीक्षेचा मार्ग नव्हे, पण त्यामागचा राग खरा होता.

नेमाड्यांच्या १९६३च्या ‘कोसला’ या कादंबरीत निवेदक पांडुरंग सांगवीकर ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पेरत बोलतो. शिस्तीच्या संपादकाने पहिल्यांदा हेच शब्द खोडले असते. पण धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी हा बोलघेवडा निवेदक येतो, तेव्हा त्या मोडक्या वाक्यांतून जे दुःख उतरते ते सफाईदार गद्याला पेलले नसते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाने तर मुंबईतल्या कामाठीपुऱ्याची बोली जशीच्या तशी कवितेत आणली. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातल्या कित्येक शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घ्यावे लागले.

बेबंद लेखन म्हणजे निष्काळजी लेखन, हा समज या चळवळीचे अनुकरण करणाऱ्यांनी पसरवला. त्यातून पुढे बरीच सुमार कविता निपजली. मूळ मंडळी तशी नव्हती. अरुण कोलटकर व्यवसायाने जाहिरात क्षेत्रातले, नजरेने चित्रकार आणि कवितेच्या बाबतीत कमालीचे चोखंदळ. त्यांचा पहिला मराठी संग्रह १९७७मध्ये आला, म्हणजे लिहायला लागून दोन दशके उलटल्यावर. तो अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने काढला, आणि छपाईच्या अचूकपणाबद्दल शहाणे कोणत्याही प्रस्थापित प्रकाशकाइतकेच काटेकोर होते. कष्ट दोन्हीकडे होते. वाद होता तो कोणत्या कानाला काय सुरेल लागते याचा, आणि तो कान कुठल्या वस्तीत, कुठल्या जातीत तयार झाला याचा. दलित साहित्याने हाच प्रश्न पुढे थेट समीक्षेच्या निकषांना विचारला.

सत्यकथा १९८२मध्ये बंद पडली. बहुतेक लघुअनियतकालिके त्याआधीच थांबली होती.