'क्रॉक' म्हणजे कोण?

धुळे-जळगावकडच्या कुठल्याही सिव्हिलची ओपीडी घ्या. म्हातारी म्हणते, "सगळं आंग दुखी ऱ्हायनं." सोलापूरकडच्या इंटर्नला शब्द कळतात, पण पुढे काय विचारावं ते सुचत नाही. शेजारच्या सिस्टर सहज विचारतात, "वहू कोठे शे?" (सून कुठे आहे?) आणि म्हातारी बोलती होते. इंटर्नच्या लॉगबुकात या पाच मिनिटांना रकाना नाही.

असं शिकणं पकडायला अर्थनिर्णयात्मक (इंटरप्रिटिव्ह) गुणात्मक संशोधन लागतं. नाव जडजंबाल, काम साधं: माणसांत जाऊन बसायचं आणि ती आपल्या कामाचा काय अर्थ लावतात ते समजून घ्यायचं. मूळ जर्मनीतलं, समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याला 'फेरश्टेहेन' म्हणे, आपल्याकडचं उमजणं.

दवाखान्यात ते ठळकपणे आलं 'बॉईज इन व्हाईट' या 1961 च्या पुस्तकातून. हॉवर्ड बेकर, ब्लँश गीअर, एव्हरेट ह्यूज आणि अन्सेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांचं हे पुस्तक; त्यासाठी अमेरिकेतल्या कॅन्ससच्या मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांमागे वॉर्डावॉर्डात फिरणं झालं. एका बाईला तपासून बाहेर पडताच एक पोरगा तिला 'क्रॉक' म्हणाला. बेकरने विचारलं, म्हणजे काय? पोरांनाही धड सांगता येईना. वाद घालून ठरलं ते असं: तक्रारी ढीगभर, पण तपासात काही सापडत नाही. असा पेशंट नकोसा, कारण त्याच्याकडून शिकायला काही मिळत नाही! प्रश्नावलीत हे कधी उतरलं असतं, असं मला वाटत नाही. आपली वरची म्हातारीही 'क्रॉक'च ठरली असती.

पुढे स्ट्रॉसने बार्नी ग्लेझरबरोबर 1967 मध्ये माहितीतूनच सिद्धांत उभा करण्याची रीत मांडली. पॅट्रिशिया बेनरने 1984 मध्ये नर्सेसच्या अनुभवकथनांतून नवखी ते निष्णात हा प्रवास दाखवला.

मला जास्त जवळचं वाटतं ते जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचं शिकण्यावरचं 1991 चं काम. त्यात मेक्सिकोतल्या युकातानच्या माया सुईणी आहेत. सुईणीच्या घरातली पोर निरोप पोचवते, सामान आणून देते, मग हळूच पोट चोळायला लागते. शिकवणी अशी कधी होतच नाही. सातपुड्यातल्या जुन्या दाईला हे वाचून दाखवलं, तर ती म्हणेल, यात नवल काय?

आता पाड्यावर आशाताई आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची माहिती तिला ट्रेनिंगमध्ये मिळते. पण पोरीचं लग्न ठरत असलेल्या घरात, सासरची माणसं ओट्यावर बसलेली असताना, 'वाहक' (आजार पुढच्या पिढीत नेऊ शकणारी) हा शब्द काढायचा की गिळायचा, हे ती कुणाकडून शिकते?