एमएम की एमसी? आधी ॲम्प्लिफायरची मागची बाजू बघा

टर्नटेबलसाठी कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या थरथरीचा विद्युत सिग्नल करणारा छोटा भाग, घ्यायची म्हटलं की सगळे सुईपासून सुरुवात करतात. मी सांगेन, ॲम्प्लिफायर भिंतीपासून ओढा आणि मागे बघा. फोनोच्या, म्हणजे टर्नटेबल जोडायच्या, सॉकेटपाशी नुसतं 'एमएम' (मूव्हिंग मॅग्नेट) लिहिलंय, की एमसीचं (मूव्हिंग कॉइल) बटणही आहे? निम्मा निर्णय तिथेच होतो.

बाहेरून या दोन्ही प्रकारच्या कार्ट्रिज सारख्याच. एमएममध्ये सुईच्या दांडीवरचा चुंबक हलतो आणि तारेची वेटोळी स्थिर असतात, एमसीत उलट. हलणारी वेटोळी हलकी हवीत, म्हणून फेरे कमी, आणि फेरे कमी म्हणून सिग्नलही क्षीण. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई ही एमएम साधारण ४ मिलिव्होल्ट देते. डेनॉनची डीएल-१०३ ही एमसी, जी १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी घडवली गेली, ती देते ०.३. तेरापट फरक!

अशी एमसी थेट एमएमच्या सॉकेटला लावली तर गाणं कुजबुजल्यासारखं येतं. आवाज वाढवावा, तर आधी खरखर आणि गुणगुणच वाढते. यावर उपाय आहे: मध्ये १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. तो सिग्नल दहापट करतो आणि एमएमच्या सॉकेटचा ४७ किलोओहमचा विद्युत भार कार्ट्रिजला ४७० ओहम भासवतो. डीएल-१०३ ला तो छान चालतो. पण त्याचा खर्च धरूनच एमसीची किंमत मोजा. काही एमसी दीड-दोन मिलिव्होल्ट देतात. त्या एमएमच्या सॉकेटवर चालतात, फक्त आवाज थोडा वाढवावा लागतो.

एमएमचीही एक खोड आहे, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं: कपॅसिटन्स, म्हणजे केबल आणि ॲम्प्लिफायरची वीज साठवण्याची क्षमता. व्हीएम९५ई ला १०० ते २०० पिकोफॅरड हवेत. लांब केबल आणि ॲम्प्लिफायरचा स्वतःचा कपॅसिटन्स मिळून त्यापलीकडे गेले, तर गाणाऱ्याचे 'स' आणि 'श' कानाला टोचू लागतात. दोष सुईला दिला जातो, आणि खरी गरज असते आखूड केबलची.

सुई झिजली की एमएमची नुसती सुई ओढून नवी बसवता येते. एमसी बहुधा पूर्ण बदलावी लागते, नाहीतर कारागिराकडे द्यावी लागते. घरात आजोबांच्या नाट्यसंगीताच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील आणि टर्नटेबलवर ती गती असेल, तर मी डोळे मिटून एमएम सुचवेन. त्या तबकड्यांच्या खाचा रुंद, एलपीची बारीक सुई त्यांच्या तळाशी घासत राहते. व्हीएम९५ च्या त्याच कार्ट्रिजवर ७८ ची जाड सुई मिनिटभरात चढते.