टाकीत उतरण्याआधी हवा का तपासतात?

जुन्या विहिरीचा गाळ काढायचा असला की आधी पेटता कंदील दोरीने आत सोडायचा, ही गावाकडची जुनी रीत. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. ऑक्सिजन कमी आहे, एवढं ज्योतीवरून कळायचं. पण जीव घेण्याइतका विषारी वायू असतानाही ज्योत जळत राहू शकते, आणि पेट घेणारी वाफ असेल तर तोच कंदील घात करतो.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. ठाण्यात वागळे इस्टेट, मग खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने उभे राहिले. रिअॅक्टर, साठवण टाक्या, सांडपाण्याचे खड्डे आले. कायदा त्याआधीच होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३६ सांगायचं: सक्षम व्यक्तीने स्वतः हवा तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर कामगाराने श्वसनयंत्र लावून, पट्ट्याला दोर बांधून उतरावं आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाने धरावं. आतल्या हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादाही तेव्हाचीच.

दोराच्या त्या दुसऱ्या टोकाला मी सगळ्यात जास्त मानतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं. आतला कोसळतो, आणि वरचा सोबती काही न लावता त्याच्यामागे उडी घेतो. अशा जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात, असं अमेरिकेच्या निऑश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ मध्ये नोंदवलं होतं. साधी पाण्याची लोखंडी टाकीसुद्धा महिनोन्महिने बंद राहिली तर गंज आतला ऑक्सिजन खातो.

भोपाळनंतर, १९८७ मध्ये, अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण आलं. गटारात उतरणाऱ्यांना मात्र हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. त्यांच्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली, २०२३ मध्ये ३० लाख केली.

आज त्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रबाळे-महापेकडे शटडाउनच्या दिवशी, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद असताना, टाकीच्या मॅनहोलपाशी ब्लोअरचा पाइप आत सोडलेला दिसतो. टाकीत येणाऱ्या लाइनींना ब्लाइंड, म्हणजे पाइप बंद करणाऱ्या चकत्या, मारलेले असतात. हवा मोजणारा मीटर दोरीने वर, मधे आणि तळाशी धरून आकडे परमिटवर, म्हणजे आत उतरण्याच्या लेखी परवान्यावर, लिहितात, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रवेश नाही. बाहेर एक जण फक्त पाहऱ्याला. त्याला ‘जरा पाना घेऊन ये’ म्हणून पिटाळायचं असेल, तर आधी आतल्याला वर काढायचं.